चाळिशीनंतर गॅरेज टाकायचं, तर पाने आधी की मीटर आधी?

वाचकाचं पत्र

मी 41 वर्षांचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे. पगार 24 हजार. पत्नी शिवणकाम करते, त्यातून महिन्याला सहा-सात हजार येतात. मुलगी यंदा दहावीला आणि मुलगा सहावीत आहे. कारखान्यातल्या पाळ्या कमी होत चालल्या आहेत. माझी स्प्लेंडर मी घरीच सर्व्हिस करतो आणि मित्रांच्याही गाड्या बघून देतो. नोकरी सोडून मोटार मेकॅनिक व्हावं असं मनात पक्कं होत आहे. बाजूला 2 लाख 10 हजार आहेत. कुणी म्हणतं दोन वर्षांचा आयटीआय कर, कुणी म्हणतं सरळ शटर घे. दुचाकी धरू की चारचाकी? आणि सगळं इलेक्ट्रिक झालं तर पुढे काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

नमस्कार. वय आड येत नाही. हाताला सवय लागायला विशीतल्या पोरापेक्षा तुम्हाला थोडा जास्त वेळ लागेल. पण कारखान्यात सतरा प्रकारचे बिघाड हाताळलेल्या माणसाला आवाज ऐकून कारण शोधण्याची जी शिस्त असते, ती त्या पोराला पाच वर्षांनी येते. काळजी दुसरीच आहे. पत्रात शटरचा, पैशांचा, कोर्सचा उल्लेख आहे, पण बिघाड शोधण्याच्या कामाचा नाही. सोलापुरात ऑइल बदलणारे आणि चेन ताणणारे गल्लोगल्ली आहेत. इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी गाडी का चालू होत नाही हे पार्ट न बदलता सांगणारे मोजके आहेत. तुमची जागा तिथे आहे.

आधी दुचाकी. चारचाकीला लिफ्ट किंवा खड्डा, मोठी जागा, महागडा स्कॅनर आणि दोन माणसं लागतात, शिवाय एक गाडी दोन-तीन दिवस जागा अडवून बसते. दुचाकी एका माणसाला दहा बाय पंधराच्या गाळ्यात जमते.

दोन वर्षांचा मेकॅनिक मोटार व्हेइकल ट्रेड तुमच्या कामाचा नाही, त्यात भर चारचाकीवर असतो. ‘मेकॅनिक टू अँड थ्री व्हीलर’ हा वेगळा, एक वर्षाचा ट्रेड आहे. दहावी पास लागतं आणि वरची वयोमर्यादा नाही. विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये यंदा तो आहे का आणि वर्ग कोणत्या वेळेत भरतात, हे स्वतः जाऊन विचारा. वर्ग दिवसाचे असतील आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागणार असेल, तर आमचं मत आहे की सोडू नका. त्याऐवजी वर्षभर उमेदवारी करा आणि शेवटी अनुभवाच्या आधारावर कौशल्य प्रमाणपत्राची परीक्षा द्या. आरपीएल नावाने ती सोय आहे. कर्जाच्या अर्जाला तो कागद उपयोगी पडतो. गिऱ्हाईक तो बघत नाही.

उमेदवारीसाठी पाळी बदलून घ्या. सुपरवायझर आहात, सकाळची पाळी मागितली तर मिळेल. दुपारी सुटून चार ते आठ गॅरेजमध्ये उभं राहायचं, सुट्टीच्या दिवशी पूर्ण वेळ. गॅरेजची खरी गर्दी संध्याकाळीच असते आणि उन्हाळ्यात तर दुपारी एक ते चार कुत्रंही फिरकत नाही, त्यामुळे तुमचे तास वाया जात नाहीत. गॅरेज निवडताना मिस्त्रीची ओळख बघू नका, त्याचा बाक बघा. तिथे मल्टिमीटर (व्होल्ट, रेझिस्टन्स मोजायचं मीटर) वापरात आहे का? उघडलेले नट-बोल्ट ताटलीत ठेवतात की जमिनीवर सोडतात? फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) ओढून काढायच्या पुलरने काढतात की हातोडीने ठोकून? ठोकाठोकी चालते तिथे एक दिवसही थांबू नका, कारण पहिल्या तीन महिन्यांत हाताला जी सवय लागते ती पुढे सुटत नाही. पैशांची घासाघीस करू नका. बोली एकच ठेवा, दर आठवड्याला एक नवं काम मी माझ्या हाताने करणार, तुम्ही तपासायचं. तिथली वीस वर्षांची पोरं तुम्हाला काका म्हणतील आणि “काका, बारा-तेराचा पाना द्या” असा हुकूमही सोडतील. सुपरवायझरकी कारखान्याच्या गेटवर ठेवून जायची.

आता काम कोणत्या क्रमाने शिकायचं ते सांगतो. ऑइल बदलणं तुम्हाला येतं असं तुम्ही धरून चालला असाल. तरी इथूनच सुरुवात करा, कारण नव्या गॅरेजवाल्याचं सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे गाळ ऑइलबरोबर बाहेर येतो. ड्रेन बोल्टचा वॉशर दरवेळी नवा. खालचं केसिंग अॅल्युमिनियमचं असतं आणि लांब दांड्याचा पाना लावून आवळला की आटे जातात. मग पाच रुपयांच्या वॉशरच्या कामात हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवायची वेळ येते, आणि तो खर्च गिऱ्हाईक देत नाही. बऱ्याच 100-125 सीसी गाड्यांत हा बोल्ट 24 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो. टॉर्क रेंचवर (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) तो आकडा लावून पन्नास वेळा आवळा, मग मनगटाला अंदाज येतो. आकडा मात्र त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

ऑइलच्या डब्यावर फक्त 10डब्ल्यू-30, म्हणजे ऑइलचा दाटपणा, वाचून थांबू नका. मागे जासो या जपानी मानकाचं एमए आहे की एमबी, ते बघा. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्याला एमए किंवा एमए-2 लागतं. एमबी हे स्कूटरचं ऑइल आहे, त्यात घर्षण कमी करणारे घटक असतात. ते मोटारसायकलमध्ये पडलं की काही दिवसांत क्लच घसरायला लागतो, पिकअप जातो आणि गिऱ्हाईक म्हणतं, सर्व्हिसिंगच्या आधी गाडी बरी होती. स्कूटरमध्ये मागच्या चाकाकडे गिअर ऑइल वेगळं असतं. अॅक्टिवासारख्या गाडीत ते जेमतेम 120 मिली भरतं आणि निम्म्या गॅरेजांत ते वर्षानुवर्षं कुणी बघतच नाही. इंजिन ऑइल मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी घालून सुरुवात करा, एक मिनिट चालवा, दोन-तीन मिनिटं थांबा, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून डिपस्टिक बघा. हीरो-होंडाच्या गाड्यांत डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून माप घेतात. ऑइल जास्त झालं तर ते ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येतं आणि गाडी धूर मारायला लागते.

एअर फिल्टरबद्दल सोलापूरकरांना सांगावं लागत नाही, धूळ सगळ्यांच्या घरात आहे. पण ओशट पेपर फिल्टर हवा मारून ‘साफ’ करायची पद्धत चुकीची आहे. त्याच्यावरचं तेलच बारीक धूळ धरून ठेवतं. हवा मारली की ते तेल जातं, कागदाची छिद्रं मोठी होतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये. तो बदलायचाच असतो, आणि कच्च्या रस्त्याने कारखान्यात ये-जा करणाऱ्या गाडीचा तर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधी.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक फट. इथे घाई चालत नाही. इंजिन पूर्ण थंड हवं. मे महिन्यात चार वाजता आलेल्या गाडीचं टॅपेट त्याच संध्याकाळी करायचंच नाही, ठेवून घ्या आणि सकाळी करा. प्लग काढा, फ्लायव्हील फिरवून ‘टी’ची खूण खिडकीतल्या खुणेसमोर आणा आणि दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघा. दोन्हींना खेळ असला तरच पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर आहे. खेळ नसेल तर एक पूर्ण फेरा आणखी द्यायचा. नवशिक्या इथे फसतो. खूण जुळली म्हणून तो चुकीच्या फेऱ्यावर गॅप लावतो आणि गाडी चालूच होत नाही. गॅप 0.08 मिमीसारखे बारीक आकडे असतात, त्यामुळे डोळ्याचा अंदाज उपयोगाचा नाही. फट मोजायच्या फीलर गेजची पट्टी हलकी घासत सरकली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर परत मोजा, कारण आवळताना स्क्रू किंचित फिरतो. टकटक वाजणारं टॅपेट ऐकू तरी येतं. जास्त आवळलेलं मात्र गप्प असतं. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून जायला वाट न मिळाल्याने तो जळतो. मग हेड उतरवावं लागतं.

ब्रेकचं काम साधं दिसतं, पण जीव त्यावर असतो. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी हवेच्या झोताने उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक कॅम काढून साफ करा, ग्रीस अगदी पुसट लावा. ब्रेक शूच्या लायनरला (घासणारा थर) बोट लागलं तरी तो थर सँडपेपरने घासून घ्या. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडलेले) किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं) सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये एक लीव्हर दाबला की दोन्ही ब्रेक लागतात, म्हणून मागची केबल आवळून पुढची तशीच सोडली की तोल बिघडतो. दोन्ही चाकं उचलून तपासल्याशिवाय गाडी द्यायची नाही. डिस्कच्या गाडीत झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 जे लिहिलं असेल तेच फ्लुइड. उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी ओढतो, तो परत वापरू नका. टाकीवर थेंब पडला तर रंग गेलाच समजा.

इथपर्यंत सहा महिने धरा. पण वीज शिकायची ती पहिल्या आठवड्यापासून, या सगळ्याच्या बरोबरीने. धुराचं बीएस-6 मानक एप्रिल 2020 पासून सक्तीचं झालं आणि साधी रोजच्या वापराची गाडीही ईसीयूवर, म्हणजे छोट्या कॉम्प्युटरवर, चालायला लागली. पेट्रोल ओतून, कार्बोरेटर फुंकून इथे काही होत नाही. मल्टिमीटरने हे आकडे रोज घ्या. चार्ज असलेली बॅटरी, गाडी बंद असताना, 12.6 व्होल्ट किंवा वर. सेल्फ मारताना 10च्या खाली जाऊ नये. इंजिनचा वेग वाढवल्यावर 13.5 ते 14.5. तिथे 13ही येत नसेल तर लगेच बॅटरी बदलू नका. आधी कनेक्टर बघा, मग मॅग्नेटकडून (इंजिनातला वीज तयार करणारा भाग) येणाऱ्या वायरी. बऱ्याच गाड्यांत त्या तीन पिवळ्या असतात. कोणत्याही दोन वायरींमधला रेझिस्टन्स सारखा यायला हवा आणि बॉडीला एकही लागलेली नको. तिथे सगळं ठीक असेल तर चार्जिंगचे व्होल्ट ताब्यात ठेवणाऱ्या रेग्युलेटरवर संशय घ्या. गावातल्या किती बॅटऱ्या रेग्युलेटरच्या किंवा सैल अर्थिंगच्या गुन्ह्यासाठी भंगारात जातात, देव जाणे. अर्थिंग तपासायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या मोकळ्या धातूला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर बोल्ट काढून घासा.

इंजेक्शनची गाडी सेल्फ घेते पण चालू होत नाही, तेव्हा क्रम असा. चावी दिल्यावर गाडीच्या डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागून विझतो का? टाकीतून पेट्रोलच्या पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येतो का? आवाज नसेल तर फ्यूज, रिले, अर्थिंग, याच क्रमाने. गाडी नुकतीच पडली होती का, हेही विचारा. अनेक गाड्यांत कलतेपणाचा सेन्सर असतो, तो गाडी आडवी झाली की पंप आणि स्पार्क बंद करतो. चावी बंद करून परत दिली की तो पूर्ववत होतो. एवढ्याशा कारणासाठी गाड्या टेम्पोत घालून आणतात. पंप वाजतोय तर स्पार्क बघा. स्पार्क आहे तर पेट्रोलचं प्रेशर, ते बहुतेक छोट्या गाड्यांत तीन बारच्या आसपास असतं. दिवा लुकलुकत असेल तर त्यात कोड असतो. होंडाच्या पद्धतीत लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. आणि लक्षात ठेवा, कोड सर्किटचं नाव सांगतो, खराब पार्टचं नाही. सेन्सर मागवण्याआधी त्याचा कनेक्टर उघडून हिरवा गंज चढलाय का बघा. प्रेशरने गाडी धुतल्यानंतरच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

राजीनामा कधी द्यायचा? तीन गोष्टी झाल्या की. सलग वीस सर्व्हिसिंग केल्या आणि महिन्याभरात त्यातली एकही तक्रार घेऊन परत आली नाही. एक हाफ इंजिन (हेड, सिलिंडर, पिस्टन) एकट्याने उतरवून बसवलं. आणि बंद पडलेल्या इंजेक्शनच्या पाच गाड्या एकही पार्ट अंदाजाने न बदलता चालू केल्या. वर्ष लागेल, कदाचित सव्वा.

आता पैसे. तुम्हाला घरी 24 हजार न्यायचे आहेत. भाडं 6 हजार, वीज 1,200, फडकी-ग्रीस-क्लीनर वगैरे 1,800 धरलं, तर गॅरेजने महिन्याला 33 हजार मजुरी कमवायला हवी. 26 दिवस काम म्हणजे रोज 1,270 रुपये. सर्व्हिसिंगची मजुरी हिशोबासाठी 300 धरली, तर रोज चार ते पाच गाड्या. तुमच्या भागातला खरा दर आणि खरं भाडं विचारून हे आकडे पुन्हा मांडा. नव्या माणसाला एका गाडीला दीड तास लागतो, म्हणजे पाच गाड्या हा दिवस भरून काम झालं. पहिल्या सहा महिन्यांत सरासरी दोनच गाड्या येतील असं धरा. मजुरी 15,600, खर्च जाऊन हातात 6,600. महिन्याला 17,400 कमी पडतात, सहा महिन्यांचे 1 लाख 4 हजार 400. म्हणजे तुमच्या 2 लाख 10 हजारांतले निम्मे गॅरेजचे नाहीतच, ते घराचे आहेत. त्यांना हात लावायचा नाही. पार्टवरचा नफा मी मुद्दाम मोजलेला नाही, तो उधारीत अडकतो.

उरलेल्या 1 लाख 5 हजारांत डिपॉझिटला 30, हत्यारांना 40, मालाला 20 आणि फळी-वायरिंग-आग विझवण्याच्या सिलिंडरला 15 हजार, अशी वाटणी बसते. हत्यारांत टी पाने 8, 10, 12, 14चे आणि रिंग पान्यांचा सेट चांगल्या कंपनीचा घ्या. हलका पाना नटाचे कोपरे खातो. फीलर गेज, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी चार्जर हे पहिल्या दिवशी हवंच. मॅग्नेट पुलर आणि क्लच होल्डर तुमच्याकडे येणाऱ्या मॉडेलांचेच. रॅम्प आणि मोठा कॉम्प्रेसर नंतर. त्यासाठी मुद्रा योजनेतून तारण न देता कर्ज मिळतं, शिशु गटात 50 हजारांपर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत. धंदा सहा महिने चालल्याचा हिशोब हातात असताना ते मागा. मालात ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक शू, केबल, बल्ब, फ्यूज एवढंच ठेवा. चेन स्प्रॉकेट, कोनसेट (हँडलच्या बेअरिंगचा सेट), क्लच प्लेट गिऱ्हाईकाने होकार दिल्यावर आणायचे.

जागेबाबत आमचं ठाम मत आहे. हायवेला जाऊ नका, आणि जुळे सोलापुरात घराजवळ सोयीचं म्हणूनही घेऊ नका. तुमची ओळख अक्कलकोट रोडला आहे. तिथे शेकडो गाड्या पूर्ण पाळीभर उभ्या असतात आणि गाडीवाले आत कामावर असतात. सकाळी गेटवर चावी घ्या, पाळी सुटायच्या आत गाडी जागेवर उभी करा. ही सोय दुसरा कुणी त्यांना देत नसेल तर तीन महिन्यांत तुमची वही भरेल. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी यांतली कामापुरती जेवढी येते तेवढी वापरा, त्या भागात हे सांगायला नको.

वहीचं म्हणाल तर ती रोजच लागते. गाडी घेताना नंबर, किलोमीटर, पेट्रोल किती, आधीपासूनचे ओरखडे आणि तक्रार गिऱ्हाईकाच्याच शब्दांत लिहा. ‘आवाज येतो’ असं नाही, ‘तिसऱ्या गिअरला ब्रेकर उतरल्यावर खडखड’ असं. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून द्या. ठरलेल्या रकमेपेक्षा काम वाढणार असेल तर आधी फोन करा. सोबतच्या कामगारांना उधारी द्यावी लागेल, पण पार्टचे पैसे रोख आणि मजुरी पगारावर, हा नियम पहिल्याच गिऱ्हाईकापासून लावा. नंतर लावता येत नाही.

कागदपत्रं फार नाहीत. माणसं मोजकीच असतील तर दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. जळकं ऑइल गटारात ओतू नका आणि चेनला लावायला कुणाला देऊही नका. बंद कॅनमध्ये साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्या.

हातांना नायट्राइलचे मोजे, बसायला बुटका स्टूल. चाळिशीनंतर उकिडवं बसून दिवस काढला की गुडघे वर्षात बोलतात. कारखान्याकडून आरोग्य विम्याचं काही कवच असेल, तर राजीनाम्याच्या आधी स्वतःची फॅमिली पॉलिसी सुरू करून घ्या, कारण अनेक पॉलिसींत काही आजारांना प्रतीक्षा काळ असतो.

इलेक्ट्रिकचं विचारलंत. त्या गाडीत ऑइल, प्लग, टॅपेट, क्लच नाही, म्हणजे आज सर्व्हिसिंगमध्ये होणारं बरंच काम जाईल. टायर, ब्रेक, बेअरिंग, शॉकअप, कोनसेट आणि वायरिंग राहील. आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोलच्या गाड्या अजून दहा-पंधरा वर्षं पळतील, आणि तेव्हा तुम्ही छप्पन्नचे असाल. बॅटरी पॅक मात्र उघडायचा नाही. 48 ते 72 व्होल्टचा पॅक पान्याने शॉर्ट झाला की पाना वितळतो आणि सेल पेटला तर पाण्याच्या बादलीने विझत नाही. ते काम त्या कंपनीचं प्रशिक्षण घेतल्यावरच. तोपर्यंत अशी गाडी आली तर ब्रेक, टायर, चार्जिंगचा सॉकेट आणि 12 व्होल्टची लाइन एवढंच बघा आणि बाकीचं गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. पहिली खरेदी मल्टिमीटरची करा, आणि या रविवारी स्वतःच्या स्प्लेंडरच्या बॅटरीचे तिन्ही आकडे घेऊन वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा.